सादळण्यापूर्वीचे सँडविच

पावाचे दोन काप, त्यांना लावलेले खारे लोणी आणि मध्ये पिशवीतून काढलेले बटाट्याचे वेफर्स एवढ्याच सामग्रीवर तयार होणारा एक पदार्थ ब्रिटन आणि आयर्लंड या देशांत निदान दोन-तीन पिढ्या घरोघरी खाल्ला जात आहे. मराठी वाचक ज्यांना वेफर्स म्हणतो त्यांना तेथे ‘क्रिस्प’ म्हणत असल्यामुळे हा पदार्थ ‘क्रिस्प सँडविच’ या नावाने ओळखला जातो. इंग्लंडच्या उत्तर भागात तोच ‘क्रिस्प बटी’ होतो, स्कॉटलंडमध्ये ‘पीस अँड क्रिस्प्स’, तर आयर्लंडमध्ये एका कारखान्याच्या नावावरून सरळ ‘टेटो सँडविच’. पाककृतींच्या पुस्तकांत त्याला सहसा जागा मिळत नाही, कारण त्यात शिजवण्यासारखे, भाजण्यासारखे किंवा मुरवण्यासारखे काहीच नसते. आणि तरीही पाव कोणता असावा, लोणी एका कापाला लावावे की दोन्ही, वेफर्स अखंड ठेवावेत की चुरावेत, याविषयी तेथील माणसे इतक्या हिरिरीने वाद घालतात, की या साध्या खाण्यात काहीतरी बिघडण्यासारखे नक्की असले पाहिजे असे मानावे लागते. बिघडण्यासारखे असते ते एकच, आणि ते म्हणजे पाणी. अतिशय कोरडा पदार्थ अतिशय ओलसर पदार्थाला चिकटवून ठेवला, तर तो सादळण्यापूर्वी किती वेळ मिळतो आणि तो वेळ कसा वाढवता येतो, या प्रश्नाभोवतीच या सँडविचचे सगळे शास्त्र फिरते.

वेफर्सच्या जन्माची एक कथा वारंवार सांगितली जाते. अमेरिकेतील साराटोगा स्प्रिंग्ज येथे १८५३ साली जॉर्ज क्रम नावाच्या आचाऱ्याने, तळलेले बटाटे फार जाड आहेत अशी कुरकुर करणाऱ्या गिऱ्हाइकाची खोड मोडण्यासाठी कागदासारख्या पातळ चकत्या तळल्या आणि त्या गिऱ्हाइकाला त्याच आवडल्या, अशी ती कथा आहे. ती रंजक असली तरी खरी मानता येत नाही, कारण लंडनच्या विल्यम किचनर यांच्या १८१७ साली प्रथम निघालेल्या ‘द कुक्स ओरॅकल’ या पाकग्रंथात बटाट्याच्या चकत्या आणि पातळ सालपटे चरबीत कुरकुरीत तळण्याची कृती क्रमच्या कितीतरी आधी आलेली आहे. सँडविचच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची घटना मात्र स्वयंपाकघराबाहेर घडली. १९२० साली फ्रँक स्मिथ यांनी लंडनच्या क्रिकलवुड भागात वेफर्सचा कारखाना काढला आणि पिशव्यांत भरलेले वेफर्स दुकानांत व मद्यगृहांत विकायला सुरुवात केली. या वेफर्सना मीठ लावलेले नसे, तर पिशवीतच निळ्या कागदात पिळून बांधलेली मिठाची इवली पुडी असे आणि ती शोधून, उकलून, वेफर्सवर भुरभुरवून पिशवी हलवणे हा खाणाऱ्याचा विधी होता.

या वेफर्सना चव म्हणून फक्त मीठ होते, आणि नुसते खारे वेफर्स लोणी लावलेल्या पावात घातले तर त्यातून निर्माण होणारा पदार्थ खाण्याजोगा असला तरी त्याविषयी कोणी वाद घालील असे वाटत नाही. वाद घालण्याजोगी चव डब्लिनमधून आली. जो मर्फी या आयरिश उद्योजकाने १९५४ साली तेथे टेटो नावाची कंपनी सुरू केली तेव्हा तिच्याकडे एक गाडी आणि मोजकी माणसे होती. मर्फी यांना मात्र बाजारातील वेफर्स एकसुरी वाटत होते आणि तळतानाच किंवा तळल्याबरोबर वेफर्सना मसाल्याची भुकटी लावता येईल का, या प्रश्नावर त्यांनी आपल्या लहानशा कारखान्यात प्रयोग सुरू केले. त्या प्रयोगांतून तयार झालेल्या ‘चीज अँड अनियन’ म्हणजे चीज-कांदा चवीचे श्रेय शेमस बर्क या त्यांच्या सहकाऱ्याला दिले जाते. या चवीने आयर्लंड जिंकले, आणि दोन वर्षांनी, १९५६ मध्ये, टॉमस हचिन्सन यांनी मर्फी यांच्याकडून नाव आणि कृती वापरण्याची परवानगी घेऊन उत्तर आयर्लंडमधील टँड्रगी गावच्या एका किल्ल्यात वेगळा कारखाना उभारला. आजही आयर्लंड बेटावर एकाच नावाच्या दोन स्वतंत्र कंपन्या वेफर्स तळत आहेत, आणि दोन्हींपैकी खरा टेटो कोणता हा सीमेच्या दोन बाजूंचा न संपणारा तंटा आहे.

१९५४ हे वर्ष ब्रिटनमध्येही खाण्याच्या इतिहासात लक्षात राहण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धात सुरू झालेले शिधावाटप युद्ध संपून नऊ वर्षे लोटली तरी चालूच होते. त्यातून लोणी आणि चीज मे महिन्यात मुक्त झाले आणि जुलैच्या आरंभी मांसावरील बंधन उठून शिधापत्रिकांचे युग संपले. या टंचाईचा वेफर्सशी असलेला संबंध वरवर वाटतो त्याहून जवळचा आहे. लेस्टर शहरातील हेन्री वॉकर हे मुळात खाटीक होते. मांसाचा तुटवडा असल्यामुळे दुकानातील माल सकाळीच संपे आणि कामगार दिवसभर रिकामे बसत, म्हणून त्यांनी १९४८ च्या सुमारास बटाटे कापून तळायला घेतले, आणि त्यातून वॉकर्स ही ब्रिटनमधील सर्वांत मोठी वेफर्स कंपनी उभी राहिली. पावात भरण्यासाठी मांस नाही आणि बटाटा मात्र मुबलक, अशा काळात घडलेल्या पिढ्यांना वेफर्सचे सँडविच हा गमतीचा पदार्थ वाटला नसावा, तर सोयीचा वाटला असावा. त्याचा पहिला कर्ता कोण हे विचारण्यात मात्र अर्थ नाही, कारण असले पदार्थ एकाच वेळी हजार घरांत सुचतात.

सँडविच नीट जमवायचे तर त्याच्या गाभ्यातील वस्तूचा स्वभाव आधी समजून घ्यावा लागतो. बटाट्यात वजनाच्या सुमारे पाऊण ते चार पंचमांश भाग पाणी असते. वेफर्ससाठी यातल्या त्यात कमी पाण्याच्या, म्हणजे घनभाग अधिक असलेल्या आणि साखर कमी असलेल्या जाती निवडतात. भारतात सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने ‘कुफ्री चिपसोना’ या जाती याच हेतूने विकसित केल्या. साखर कमी हवी याचे कारण असे, की ती तळणीच्या उष्णतेत अमिनो आम्लांशी संयोग पावते आणि चकती सोनेरी होण्याऐवजी काळपट व कडवट होते. बटाटे फार थंड ठिकाणी साठवले तर त्यांतील स्टार्चचे साखरेत रूपांतर होऊ लागते, म्हणूनच वेफर्सचे बटाटे घरच्या फ्रिजमध्ये ठेवू नयेत असे सांगतात. सव्वा ते दीड मिलिमीटर जाडीची चकती सुमारे १७० ते १८० अंश सेल्सिअस तापलेल्या तेलात पडली, की तिच्यातील पाणी वाफ होऊन बुडबुड्यांच्या रूपाने निघून जाते, त्याने मोकळ्या केलेल्या जागांत काही प्रमाणात तेल शिरते, आणि बुडबुडे थांबतात तेव्हा चकतीत जेमतेम दोन टक्के पाणी उरलेले असते, तर वजनाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग तेलाचा झालेला असतो.

इतक्या कोरड्या अवस्थेत बटाट्यातील स्टार्च ‘काचरूप’ होतो. काचरूप म्हणजे ज्यात रेणूंची रचना स्फटिकासारखी शिस्तबद्ध नसते, पण रेणू जागच्या जागी जखडले गेलेले असतात, अशी घन अवस्था. तिच्यावर जोर दिला तर ती वाकत नाही, तडकते. वेफर कुरकुरीत लागतो तो या तडकण्यामुळे. पाण्याचे रेणू स्टार्चच्या लांब साखळ्यांमध्ये शिरले, की त्या साखळ्या एकमेकींवरून सरकू लागतात, काचरूप अवस्था मोडते आणि वेफर वातड होतो. पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या डब्यातील वेफर्स हाती लागले की मराठी घरांत जे ‘सादळले’ म्हणून बाजूला सारले जातात, त्यांच्या बाबतीत हेच घडलेले असते. यात महत्त्व पाण्याच्या एकूण प्रमाणाला नसते, तर ‘जलसक्रियते’ला असते. पदार्थातील पाणी बाहेर पडायला किती मोकळे आहे याचे हे शून्य ते एक या दरम्यानचे माप असून शुद्ध पाण्याची जलसक्रियता एक धरली जाते. ताज्या पावाची जलसक्रियता ०.९५ च्या आसपास असते. वेफरचा कुरकुरीतपणा ती साधारण ०.४ च्या पुढे गेली की ढासळू लागतो. पाणी जिकडे जलसक्रियता कमी तिकडे जात राहते, त्यामुळे पावाच्या दोन कापांत वेफर ठेवल्या क्षणापासून त्याची घसरण सुरू होते, आणि ती थांबवता येत नाही, फक्त लांबवता येते.

तडकण्याचा आवाज हा चवीचा भाग आहे की केवळ तिचा सोबती, या प्रश्नाचे उत्तर ऑक्सफर्ड विद्यापीठातील मॅसिमिलियानो झॅम्पिनी आणि चार्ल्स स्पेन्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातून मिळते. प्रयोगात भाग घेणारी माणसे ध्वनिग्राहकासमोर बसून वेफर चावत आणि तो आवाज त्याच क्षणी त्यांना कानांवरच्या हेडफोनमधून ऐकू येई. संशोधकांनी आवाज एकूण वाढवला किंवा त्यातील उच्च कंप्रतेचे, म्हणजे चरचरीत, स्वर तेवढे ठळक केले, तर तसलाच वेफर माणसांना अधिक कुरकुरीत आणि अधिक ताजा वाटे, आणि ते स्वर दाबले तर शिळा वाटे. सगळे नग एकसारखे असावेत म्हणून या प्रयोगासाठी बटाट्याच्या पिठाच्या लगद्यापासून साच्यात घडवलेले प्रिंगल्स निवडले होते. या कामाला २००८ मध्ये विनोदी संशोधनासाठी दिले जाणारे इग नोबेल पारितोषिक मिळाले, पण त्यातून निघणारा निष्कर्ष सँडविच करणाऱ्याच्या दृष्टीने अजिबात विनोदी नाही: पावाने वेफरचा आवाज गिळून टाकला, तर चवही तेवढी कमी झाली असे जीभ मानते.

पावाची निवड येथूनच ठरते. उत्तम पाव म्हणजे जाड, खरपूस सालीचा आणि आत मोठ्या छिद्रांचा पाव, असे मानण्याची आजची रीत आहे. या सँडविचसाठी तसला पाव निरुपयोगी ठरतो. कडक साल तोडण्यासाठी दातांना लावावा लागणारा जोर आतल्या वेफरला लागणाऱ्या जोराच्या अनेक पट असतो, त्यामुळे साल तुटेपर्यंत वेफर्सचा भुगा होऊन ते बाजूंनी बाहेर सांडतात, आणि सालीचाच आवाज इतका मोठा होतो की वेफरचा ऐकू येत नाही. येथे हवा तो कारखान्यात भाजून कारखान्यातच कापलेला, मऊ, पांढरा, काहीसा गोडसर पाव. ब्रिटनमधील असा बहुतेक पाव ज्या पद्धतीने बनतो ती लंडनजवळच्या चॉर्लीवुड गावातील संशोधन संस्थेत १९६१ साली तयार झाली: कणीक तासन्‌तास फुगत ठेवण्याऐवजी अतिवेगवान यंत्रात काही मिनिटेच जोरकसपणे मळायची आणि तिला थोडी चरबी व ‘क’ जीवनसत्त्वाची, म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्लाची, जोड द्यायची. ब्रिटनमधल्या कमी प्रथिनांच्या गव्हापासूनही या रीतीने हलका आणि एकसारख्या बारीक जाळीचा पाव झपाट्याने तयार होऊ लागला. पाककलेचे जाणकार या पावाला नावे ठेवतात आणि चवीच्या बाबतीत त्यांचे म्हणणे बरोबरही आहे. पण त्याची बारीक जाळी लोणी झिरपू देत नाही, तो दाताखाली विनातक्रार दबतो आणि स्वतःचे काहीही बोलत नाही, आणि या एका पदार्थात पावाकडून याहून अधिक अपेक्षा नसते.

आयर्लंडमध्ये यासाठी ‘बॅच’ पाव पसंत करतात. भट्टीत पाव एकमेकांना खेटून भाजले जात असल्याने त्यांच्या बाजूंना साल येत नाही, फक्त वरच्या बाजूला गडद, चिवट थर येतो आणि काप उंच व लुसलुशीत निघतात. आग्नेय आयर्लंडमधील वॉटरफर्ड शहरात ‘ब्ला’ नावाचा पिठाने माखलेला मऊ गोल पाव मिळतो, ज्याला २०१३ साली युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन मिळाले. तोही मधोमध चिरून त्यात वेफर्स भरतात, आणि मुंबई-गोव्याच्या पावाची सवय असलेल्या माणसाला तो चौकोनी कापांपेक्षा जवळचा वाटेल. पाव भाजून घ्यावा का, असा प्रश्न काहींना पडतो. भाजू नये, कारण गरम टोस्टमधून निघणारी वाफ दोन कापांमध्ये कोंडली जाते आणि वेफर्सना पावाच्या ओलाव्याहूनही लवकर सादळवते. शिवाय दोन कुरकुरीत वस्तू एकमेकींचे महत्त्व कमी करतात. ताज्या, अजून कोमट असलेल्या पावाबाबतही हीच अडचण आहे, म्हणून आदल्या दिवशीचा पाव येथे ताज्यापेक्षा सरस ठरतो.

लोण्याचे काम चवीपुरते आहे असा समज असतो, पण ते खरे तर पाणी अडवण्याचे काम करते. लोण्यात निदान ८० टक्के स्निग्धांश आणि जास्तीत जास्त १६ टक्के पाणी असते, मात्र हे पाणी स्निग्धांशात अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपाने विखुरलेले आणि वेढलेले असल्यामुळे ते सहजी बाहेर येत नाही आणि पावातील पाण्यालाही पलीकडे जाऊ देत नाही. कमी स्निग्धांशाचे जे ‘लाइट’ प्रकार बाजारात मिळतात त्यांत हे प्रमाण बदललेले असते, काहींत तर निम्म्याहून अधिक पाणीच असते, आणि त्यांनी हे काम होत नाही. लोण्याचा थर दोन्ही कापांच्या आतल्या बाजूंना, अगदी कडेपर्यंत आणि सलग असावा लागतो. कोपरा कोरडा राहिला तर तिथला वेफर आधी मऊ पडतो. मुंबईतील रस्त्यावरचा सँडविचवाला हे तत्त्व पुस्तकाशिवाय जाणतो. हिरवी चटणी, काकडी, टोमॅटो, उकडलेले बीट अशी सगळी ओलीगच्च सामग्री भरायची असते, म्हणून तो चटणीच्या आधी पावाच्या दोन्ही कापांवर पिवळ्या खाऱ्या बटरचा थर सुरीच्या एका फटक्यात कडेपर्यंत ओढतो, आणि शेव किंवा वेफर्स द्यायचे असतील तर ते शेवटी वरून किंवा बाजूला देतो. लोणी सुमारे सोळा-अठरा अंश तापमानाला, म्हणजे बोटाने दाबल्यास खळगा पडेल पण चकाकणार नाही इतपत मऊ असावे. फ्रिजमधले घट्ट लोणी मऊ पावाला फाडते, आणि वितळलेले लोणी जाळीत मुरून जाते व अडथळा उरतच नाही.

आता वेफर्सची जात. जाड कापून लहान कढईत सावकाश तळलेले ‘केटल’ वेफर्स अलीकडे प्रतिष्ठेचे समजले जातात, पण ते इतके कठीण असतात की त्यांना तडा जाण्यापूर्वी पावच चेपला जातो, आणि त्यांच्या धारदार कडा टाळूला लागतात. प्रिंगल्ससारखे साच्यातले वेफर्स एकमेकांत चपखल बसतात, त्यामुळे त्यांच्यामध्ये हवा राहत नाही आणि सँडविच चपटे होते. उरतात ते साधे, पातळ, वेडेवाकडे वळलेले वेफर्स. त्यांच्या वळणांमुळे मध्ये पोकळ्या राहतात आणि प्रत्येक घासात अनेक लहान तडे एकामागून एक जातात. चवींमध्ये चीज-कांदा पहिला का, याचे कारण त्याच्या भुकटीच्या घटकांत आहे. वाळवलेला कांदा, चीज किंवा दुधाची भुकटी, थोडी साखर आणि ग्लुटामेट, म्हणजे मांस, पिकलेले टोमॅटो आणि मुरलेले चीज यांना त्यांचा भरदार स्वाद देणारे द्रव्य, हे घटक तिच्यात असतात. लोण्यात हे सगळे विरघळले की पाव, चीज आणि कांदा या जुन्या, पोटभरीच्या जेवणाची छाया दोन रुपयांच्या भुकटीतून उभी राहते. दुसरी मोठी पसंती ‘सॉल्ट अँड व्हिनेगर’ला मिळते, आणि तिचेही एक तंत्र आहे: व्हिनेगर द्रव असल्यामुळे वेफरवर शिंपडता येत नाही, म्हणून ॲसिटिक आम्लाचा सोडियमशी संयोग करून घनरूप क्षार बनवतात, जो जिभेवर ओला होताच आंबटपणा सोडतो. हा आंबटपणा लोण्याचा तुपकटपणा कापतो, त्यामुळे काहींच्या मते सँडविचसाठी हीच चव उजवी आहे, आणि त्यांना चूक ठरवणे सोपे नाही. ब्रिटनमध्ये बहुतेक कंपन्या चीज-कांद्याला हिरवे आणि व्हिनेगरला निळे पाकीट देत असताना वॉकर्स नेमके उलटे करते, त्यामुळे घाईत चुकीचे पाकीट उचललेल्या माणसाचे सँडविच वेगळेच होऊन बसते.

रचनेला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागू नये. पावाच्या दोन्ही कापांना लोणी लावून ते उघडे ठेवावेत आणि पाकीट सगळ्यांत शेवटी फोडावे, कारण त्यात भरलेल्या नायट्रोजन वायूने तोवर वेफर्सना हवेतील ओलावा आणि तेल खवट करणारा ऑक्सिजन या दोहोंपासून सांभाळलेले असते. पाकिटाच्या तळाशी जमलेला चुरा आणि मसाला आधी लोण्यावर भुरभुरावा. तो लोण्यात रुतून बसतो, चव कडेपर्यंत पोचवतो आणि वरच्या वेफर्सना घसरू देत नाही. त्यावर मोठे वेफर्स कौलांसारखे एकावर एक चढवत मांडावेत, सुमारे २५ ग्रॅमच्या एका पाकिटात दोन मध्यम कापांपुरते पुरेसे दोन थर होतात, आणि तिसऱ्या थराचा मोह टाळावा, कारण त्याला लोणी लागत नाही व तो मोकळाच राहून सांडतो. दुसरा काप ठेवल्यावर पंजा सपाट पसरून एकदाच, सगळीकडे सारखा दाब द्यावा, तडकल्याचा आवाज आला की थांबावे. हा दाब म्हणजे चुरणे नव्हे. वेफर्सच्या टोकांना लोण्यात रुतवणे आणि सुरीसाठी पातळी तयार करणे एवढाच त्याचा हेतू असतो. न दाबता कापायला गेल्यास वेफर्स सुरीपुढे सरकत जाऊन दुसऱ्या बाजूने बाहेर पडतात. कड काढू नये, ती बोटांना धरायला लागते. तिरके कापावे की सरळ, हा मात्र खरोखरच आवडीचा प्रश्न आहे. तयार सँडविच पहिल्या पाच मिनिटांत उत्तम असते, दहाव्या मिनिटाला बरे असते, आणि त्यानंतर ते वेगळा पदार्थ होते. हा मऊ पडलेला, भुकटी लोण्यात विरघळून गेलेला अवतारच ज्यांना आवडतो अशीही माणसे आहेत, पण तो शाळेच्या डब्यातल्या सक्तीतून लागलेला छंद असावा.

शाळेच्या डब्यावर मुलांनीच उपाय काढला. सकाळी घरून लोणी लावलेला पाव आणि बंद पाकीट वेगवेगळे न्यायचे आणि मधल्या सुटीत बाकावर सँडविच जुळवायचे, ही ब्रिटन-आयर्लंडमधील अनेकांची आठवण आहे, आणि हीच कल्पना पुढे थेट विमानापर्यंत गेली: एअर लिंगस या आयरिश विमान कंपनीने २०१५ साली पाव, लोणी आणि टेटोचे पाकीट असा संच प्रवाशांना विकायला ठेवला, आकाशात जुळवणी ज्याची त्याने करायची होती. त्याच वर्षाच्या आरंभी बेलफास्टमध्ये फक्त वेफर्सची सँडविचेस विकणारे एक तात्पुरते उपाहारगृहही निघाले. कर आकारणाऱ्यांना मात्र हा पदार्थ अर्धाच मान्य आहे. ब्रिटनमध्ये पावावर मूल्यवर्धित कर शून्य आहे आणि वेफर्सवर २० टक्के. या फरकामुळेच प्रिंगल्सच्या उत्पादकांनी आपला माल बटाट्याचा वेफर नाहीच असा दावा न्यायालयात लढवला होता आणि २००९ मध्ये अपील न्यायालयाने, त्यात सुमारे ४२ टक्के बटाटा असल्याने तो बटाट्याचाच, असा निकाल दिला.

सोबत काय द्यावे हे ठरवताना सँडविचमध्ये काय आधीच आहे याचा हिशेब करावा लागतो. दोन काप पाव, दहाएक ग्रॅम लोणी आणि एक पाकीट वेफर्स मिळून सुमारे ४०० किलोकॅलरी होतात, आणि पाव, लोणी, वेफर्स या तिघांतही मीठ असते. म्हणून सोबत आणखी खारे किंवा आणखी तळलेले काही देणे चुकीचे, ताटात बटाट्याचे फ्राइज देण्याची काही उपाहारगृहांची रीत तर न समजण्यासारखी. आवश्यक आहे ते आंबट, तुरट किंवा गरम. पहिला मान दूध घातलेल्या कडक चहाचा. चहातील टॅनिन, म्हणजे तोंडात तुरट आकसल्याची भावना देणारी द्रव्ये, लोण्याचा थर धुऊन काढतात आणि पुढचा घास पहिल्यासारखा लागतो. आयर्लंडमध्ये चहा आसामी वळणाचा, दाट आणि पुष्कळ दुधाचा पितात, त्यामुळे मराठी घरातला आले-वेलची न घातलेला चहा तेथील चहाच्या फार दूर नाही. मसाल्याचा चहा मात्र चीज-कांद्यापुढे ठेवू नये, दोन्ही सुगंध एकमेकांत अडकतात.

दुसरी सोबत टोमॅटोच्या सूपची. त्याचा आंबटगोडपणा आणि ऊब दोन्ही उपयोगी पडतात, फक्त सूप वाडग्यात वेगळे असावे आणि सँडविच त्यात बुडवण्याचा विचारही करू नये, कारण मग इतका वेळ पाण्याविरुद्ध केलेली सगळी तयारी एका क्षणात वाया जाते. व्हिनेगरमध्ये मुरवलेले लहान कांदे ब्रिटनमध्ये चीजबरोबर खातात, तेच येथेही चालतात. काकडीचे व्हिनेगरमधील लोणचे किंवा आंबट सफरचंदाच्या फोडी हेही चांगले, पण हे सगळे ताटलीच्या कडेला. आत घालायचेच झाले तर जुन्या चेडर चीजचा पातळ काप घालता येतो, कारण तो कोरडा आणि स्निग्ध असल्याने लोण्याच्या बाजूने काम करतो. कोशिंबिरीची पाने, टोमॅटो, चटणी यांना आत जागा नाही. ज्यांना उत्तर इंग्लंडच्या रीतीप्रमाणे आंबट ‘ब्राउन सॉस’ हवाच असतो, त्यांनी तो लोण्यावर एका रेघेपुरता लावावा आणि सँडविच उभ्या उभ्या संपवावे. मद्यगृहात याची जोडी काळ्या, कडसर स्टाउट बिअरशी लागते, आणि भाजलेल्या बार्लीचा कडवटपणा खाऱ्या लोण्यापुढे चहाइतकाच चांगला टिकतो.

चार माणसांसाठी करायचे असेल तर ताटलीत चार तयार सँडविचेस रचून आणणे हा उपाय नव्हे, कारण चौथ्या माणसाच्या हाती येईपर्यंत पहिले सँडविच सादळू लागलेले असते. पाव लोणी लावून, दोन-दोन काप तोंडाला तोंड लावून ओल्या फडक्याखाली झाकून ठेवावा, चहा उकळून किटलीत भरावा, वेगवेगळ्या चवींची पाकिटे न फोडता टेबलाच्या मध्यावर मांडावीत, आणि ज्याने त्याने आपले पाकीट आपण फोडून आपल्या पंजाने दाबावे.